कळायच्या आत

"बाई आहे की बाप्या?" सासूबाईंनी विचारलं.

"कोण?"

"वरचा देव गं. बाप्या असला तर नुसता नारळ ठेवते. बाई असली तर ओटी भरायला पाहिजे. मी खण घेतलाय पिशवीत."

रोपवेच्या डब्यात आम्ही दोघीच होतो. खाली मेपलची झाडं लालभडक झाली होती, पण सासूबाई खाली बघतच नव्हत्या. एका हाताने दांडा घट्ट धरलेला, दुसऱ्या हाताने पिशवी.

"देवी आहे," मी म्हटलं. "डोंगराचीच देवी. हजारेक वर्षांचं ठाणं आहे म्हणतात. पण आई, इथे ओटी भरत नाहीत. आणि नारळ तर अजिबात फोडायचा नाही, आधीच सांगून ठेवते."

"फोडत नाही गं बाई. नुसता ठेवते. तेवढ्याने काय पोलीस येणारेत?"

"मूर्ती पण नसते. आत बंद दार असतं, त्याच्यामागे देव."

"मूर्ती नाही? मग मी बघू कुणाकडे?"

"दाराकडे."

"कठीण आहे," सासूबाई म्हणाल्या आणि डोळे मिटून घेतले, कारण डबा एका खांबावरून धडधडत गेला होता.

ही बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीरंगच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या नोकरीपायी आम्ही तेव्हा जपानात, नागोयात राहत होतो. सासरे जाऊन पाच वर्षं झाली होती, म्हणून सासूबाईंना तीन महिन्यांसाठी बोलावून घेतलं होतं. आयुष्यात तिरुपतीच्या पलीकडे न गेलेली तासगावची बाई, पण आठवड्याभरात इथली भाजीवाली, कचऱ्याचे वार, बसचा थांबा सगळं तिने ताब्यात घेतलं. आमच्या दोघींचं बरं चालायचं. म्हणजे दिवसातून दोनदा वाजायचं आणि दोन्ही वेळा चहाला मिटायचं.

मग तासगावहून फोन आला, दिगूभावजींना डेंग्यू झाला म्हणून. दिगंबर म्हणजे श्रीरंगचे थोरले भाऊ. तासगावात ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, घर, शेती सगळं तेच बघायचे. आधी ताप, मग प्लेटलेट्स उतरल्या, मग सांगलीला हलवलं, मग अतिदक्षता विभाग. तिकडून जाऊबाई, शैलावहिनी, फोनवर एकेक शब्द मोजून बोलायच्या. श्रीरंगने कुठून कुठून फोन करून दुसऱ्या दिवशी सकाळची तिकिटं मिळवली. मधे हा एक दिवस उरला.

तो एक दिवस घरात काढणं सासूबाईंना जमेना. स्वयंपाकघरातून गच्चीत, गच्चीतून परत ओट्याशी. भाजी चिरायला घेतली नि अर्धवट टाकली. शेवटी माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"ती अक्का म्हणत होती ना, डोंगरावर देव आहे म्हणून? आजाऱ्याला बरं करतो म्हणून?"

अक्का म्हणजे आमच्या शेजारच्या ओकुदाबाई. सत्तरीच्या. सासूबाई त्यांच्याशी तासगावच्या मराठीत बोलायच्या, त्या जपानीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं काही अडायचं नाही.

"आपण जाऊन येऊ," सासूबाई म्हणाल्या. "इथे बसून मी नुसती वेडी होणार. काहीतरी करू दे मला."

श्रीरंग म्हणाला, "जाऊन या. मी फोनजवळ थांबतो."

ओकुदाबाईंना मी विचारलं, येता का? रस्ता दाखवाल तर बरं होईल. तर त्या दारातच उभ्या राहून हात हलवायला लागल्या. त्यांची थोरली बहीण नुकतीच वारली होती. घरात मृत्यू झाला की पन्नासेक दिवस देवळाच्या तोरीखालून जायचं नाही, असा त्यांच्याकडे नेम. तोरी म्हणजे जपानी देवळापुढची लाकडी कमान. दोन खांब, वर दोन आडव्या तुळया, बास. तिच्या आत देवाची जागा.

मी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा कितीतरी वेळाने जरा खुलला.

"म्हणजे सुतकच की गं! बघ, आणि तू म्हणतेस इथली माणसं निराळी. कसली निराळी?"

रोपवेत त्यांना तीच आठवण झाली असणार. डोळे मिटलेले ठेवूनच त्या बोलायला लागल्या. गप्प बसलं की दिगू डोळ्यापुढे येतो, म्हणून बोलायचं, हे मला कळत होतं.

"माझ्या लग्नात काय झालं होतं, माहितीय? हळद लागलेली, आणि तिकडे आमचा चुलता गेला. कवठ्याला. माणूस निरोप घेऊन आला. तर आमच्या आजोबांनी ओळखलं. असा धापा टाकत, अनवाणी आलेला माणूस, आणि कुणाच्या तोंडाकडे बघवत नाही त्याला. त्यांनी त्याला वेशीवरच अडवला. म्हणाले, बाबा, तोंड उघडू नकोस. तिथे चिंचेखाली बसवला. जेवण तिकडे पाठवलं, पान-सुपारी पाठवली, पण बोलू दिलं नाही. अक्षता पडल्या, मी सासरी गेले, मग आजोबा त्याच्यापाशी गेले आणि म्हणाले, हं, आता बोल."

"अगंबाई! म्हणजे त्यांना माहीत होतं?"

"माहीत कसं? कुणी सांगितलं होतं? सांगितलं नाही म्हणजे कळलं नाही. आणि कळेपर्यंत सुतक लागत नाही." त्यांनी एक डोळा उघडला. "तो बिचारा मात्र जेवला नाही म्हणे. ताट तसंच. उगी आपला चिंचेखाली बसून राहिला, वाजंत्री ऐकत."

मी हसले. त्याही थोड्या हसल्या. मला ते हसणं अजून आठवतं, कारण त्यानंतर त्या दिवशी आम्ही दोघी मिळून हसलो नाही.

वरच्या स्थानकात उतरलो. बाहेर एक लाकडी सज्जा होता, आणि तिथून जे दिसत होतं ते बघून सासूबाईसुद्धा थबकल्या. ढग आमच्या पायाखाली होते. पलीकडे डोंगरांच्या रांगा एकीमागे एक निळ्या होत गेलेल्या, आणि सगळ्यात शेवटी बर्फाचं एक शिखर. त्या कठड्याशी गेल्या, मी तिकिटं पिशवीत ठेवत मागे थांबले, आणि तेवढ्यात श्रीरंगचा फोन आला.

"आई कुठाय?"

"पुढे आहे. बघतेय. का?"

"तुझ्याजवळ नाही ना?"

"नाही. काय झालं?"

तो म्हणाला, "दादा गेला."

मी भिंतीला टेकले. "काय बोलतोस?"

"आत्ता. अर्धा तास झाला. मंजिरी, ऐक. आईला सांगू नकोस. तिच्या हृदयात ती स्टेंट आहे, तिथे डोंगरावर काही झालं तर तू एकटी काय करशील? खाली आण. घरी आण. मी सांगतो. डॉक्टरला बोलावून ठेवतो, मग सांगतो. तू फक्त तिला घेऊन ये."

"मी कशी रे..."

"मला माहीत नाही. मला काही सुचत नाहीये. फक्त घेऊन ये."

फोन बंद झाला. मी तशीच उभी. दिगूभावजींचा चेहरा डोळ्यापुढे येईना, येत होता तो त्यांचा आवाज. लग्न होऊन मी नवी घरात आले तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मंजिरी, आईशी भांडायचं असलं तर माझ्या पाठीमागे उभी राहून भांड, मी वार झेलतो." रडायला येत होतं आणि रडता येत नव्हतं. वीस पावलांवर त्यांची आई उभी होती.

"ए, इकडे ये!" त्यांनी हाक मारली. "फोटो काढ. हे बर्फाचं आलं पाहिजे मागे. दिगूला दाखवायचा."

मी गेले. मोबाइल धरला. पहिला फोटो नुसता हलला. सासूबाईंनी पदर सारखा केला, पिशवी पाठीमागे लपवली आणि कॅमेऱ्याकडे बघून जपून हसल्या.

"पाठव त्याला. आत्ताच पाठव. शैला दाखवेल त्याला डोळे उघडले की."

"रेंज नाही आई."

"मघा तर बोलत होतीस. कुणाचा होता?"

"श्रीरंगचा. पोचलात का म्हणून विचारत होता. नीट ऐकूच आलं नाही."

इतकं धडधडीत खोटं मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. "आई," मी म्हटलं, "वारं किती सुटलंय बघा. तुम्हाला सोसायचं नाही. इथूनच हात जोडू नि परत जाऊ. देवीला काय, इथूनही पोचतं."

"खुळी का काय तू? दारापर्यंत येऊन परत जायचं?"

"पुढे पायऱ्या आहेत. बऱ्याच आहेत. तुमच्या छातीला..."

"माझ्या छातीला काही होत नाही. माझा पोरगा तिकडे नळ्या लावून पडलाय आणि मी पायऱ्यांना भिऊ?" त्या चालायलाही लागल्या होत्या. "तू थांब पाहिजे तर. मी जाते."

काय करणार? मागून गेले.

दोन्ही बाजूंना प्रचंड सुरूसारखी झाडं, दोन माणसांच्या कवेत मावणार नाहीत अशी. मधून दगडी पायऱ्या, शेवाळ धरलेल्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. सासूबाई चार पायऱ्या चढायच्या, थांबायच्या, श्वास घ्यायच्या आणि बोलायच्या.

"दिगूला मी लहानपणी असाच नेला होता. कडेवर घेऊन. खंडोबाला. गोवर निघाला होता अंगभर. डॉक्टर म्हणाले, काही खरं नाही. आणि तिसऱ्या दिवशी हा उठून भाकरी मागतोय!"

"हो का."

"चिवट आहे तो. श्रीरंग नाजूक, तुझा नवरा. शिंक आली की झोपतो. दिगू तसा नाही."

आणखी चार पायऱ्या.

"त्याला बरं वाटलं की त्याला घेऊन यायचं इथे. तू खर्चाचं बघू नकोस, दुकान आहे त्याचं. त्याला हे असलं आवडतं, डोंगर वगैरे. शैलाला नाही आवडत, ती खाली बसेल."

त्यांचा दंड मी धरला होता आणि मला वाटत होतं, माझ्या हातातूनच त्यांना कळेल. देवा, यांना आत्ता दम लागू दे, नाहीतर पाऊस येऊ दे, नाहीतर कुणीतरी येऊन सांगू दे की आज देऊळ बंद आहे. काहीही झालं नाही. ऊन पडलं होतं, हवा इतकी सुंदर की चीड यावी.

पायऱ्या संपल्या आणि समोर तोरी आली. रंग न दिलेली, जुनी, राखाडी झालेली. पलीकडे लहानसं अंगण, एका बाजूला पाण्याची दगडी डोणी, आणि समोर ते देऊळ. काळपट लाकूड, वर गवती छप्पर, पुढे जाडजूड दोर लोंबलेला घंटेचा. एक पांढऱ्या वेषातला म्हातारा पुजारी पानं झाडत होता. त्याने वाकून नमस्कार केला आणि झाडत मागच्या बाजूला निघून गेला.

सासूबाईंनी चपला काढल्या. "इथे चपला काढत नाहीत," असं मी म्हणायच्या आत त्या कमानीखालून आत गेल्यासुद्धा. सरळ डोणीकडे. तिथला लाकडी डाव घेऊन हात धुतले, चूळ भरली, ओल्या हाताने डोळे पुसले. "हे बरं आहे," त्या म्हणाल्या. "हातपाय धुऊन देवाकडे. आपल्यासारखंच." मग पिशवीतून खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुडी काढली.

"चल गं. दोर कुठला ओढायचा नि देवापुढे यांच्यासारख्या टाळ्या कशा वाजवायच्या ते दाखव. चल, आत ये ना."

मी तोरीच्या बाहेर उभी होते.

मी काही सोवळ्याओवळ्यातली बाई नाही. तेव्हाही नव्हते. पण लहानपणापासून घरात कुणी गेलं की देवाकडे फिरकायचं नाही, दिवा लावायचा नाही, दहा दिवस देव कोनाड्यात तसेच, हे बघत आलेली. माझ्या सख्ख्या दिराचं सुतक मला लागून तास होत होता. आणि ज्याचं सुतक, त्याच्याचसाठी मागायला आत त्याची आई उभी. पाय उचलेचना. मी पुढे झाले तर यांचं मागणं बाटेल, असं काहीतरी खुळ्यासारखं मनात आलं. मागण्यासारखं आता काय उरलं होतं? पण पाय उचलला नाही, हे खरं.

"अगं ये की. काय झालं?"

"तुम्ही करा आई. मी इथेच थांबते."

"का?"

त्या दोन पावलं माझ्याकडे आल्या. मधे ती कमान. आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "अडचण आली का?"

आपल्याकडच्या बायकांना देवळाबाहेर थांबायला दुसरं कारण कुठलं असतं? मला वाटलं, देवीनेच सोडवलं. मी पटकन म्हणाले, "हो. आत्ताच. खाली स्थानकात कळलं."

"असू दे मग, बाहेरच थांब," त्या म्हणाल्या आणि वळल्या.

आणि दोन पावलांवर थांबल्या.

पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मला त्यांचा अंबाडा दिसत होता आणि हातातला नारळ. मग हळूच वळल्या.

"परवाच तर तू न्हालीस," त्या म्हणाल्या. "चौथ्या दिवसाचं. मीच तुला तेल लावून दिलं."

दोन खोल्यांचं घर. एक मोरी. सासूपासून काय लपून राहणार? मी विसरलेच होते. माझ्या तोंडाकडे त्या बघत होत्या आणि मला ते तोंड कुठे न्यावं समजत नव्हतं. त्यांनी माझे पाय पाहिले, कमानीच्या रेषेबाहेर नीट ओळीने थांबलेले. मग पुन्हा तोंडाकडे.

"श्रीरंगचा फोन होता," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

"आई..."

"गप." त्यांनी हात वर केला. नारळ धरलेलाच हात. "एक शब्द बोलू नकोस."

"आई, तुम्ही बाहेर या. इथे बसा. जरा पाणी..."

"मंजिरी, तुला शपथ आहे." त्या कधी मला नावाने हाक मारत नसत. अगं-तुगंच. "तू मला काही सांगितलेलं नाहीस. मी काही विचारलेलं नाही. मला अजून काही कळलेलं नाही. कळलंय का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, माझं मलाच ठाऊक नाही.

"मग मला जाऊन येऊ दे."

आणि त्या गेल्या.

मला आत जाता येत नव्हतं. त्या तिथे कोसळल्या असत्या तर मी धावत गेले असते, हे आता म्हणायला सोपं आहे. पण त्या क्षणी ती कमान म्हणजे भिंत होती. मी एका खांबाजवळ उभी राहिले, खांबाला हात न लावता, आणि मला तो कवठ्याहून आलेला माणूस आठवला. ताटाला हात न लावलेला.

त्या देवळापुढच्या पायरीशी गेल्या. खण पसरला, नीट, चारी कोपरे सारखे करून. त्यावर तांदूळ घातले. त्यावर नारळ ठेवला, शेंडी देवीकडे. दुसऱ्या पुडीतलं हळदकुंकू बोटाला घेऊन त्या क्षणभर थबकल्या. लावायला समोर कुणी नव्हतं. मग त्यांनी ते पायरीच्या लाकडालाच लावलं. दोन बोटं. मग दोर धरला आणि दोन्ही हातांनी ओढला. घंटा घुमली नाही, नुसती खुळखुळली. त्यांनी पुन्हा ओढला. पुन्हा. जितका जोर होता तितक्या जोराने, जसं काही आत कुणीतरी झोपलंय आणि त्याला आज उठवायचंच आहे. मागून पुजारी डोकावला, त्यांना बघून उभा राहिला आणि तसाच मान खाली घालून परत गेला.

टाळ्या त्यांनी वाजवल्या नाहीत. त्या कशा वाजवायच्या हे दाखवायला मी नव्हते ना. त्यांनी पदर पसरला.

त्या मनात मागणं मागणाऱ्यांतल्या नव्हत्या. घरात देवापुढेसुद्धा मोठ्याने बोलायच्या, आम्ही त्यावरून चिडवायचो. ते अंगण इतकं शांत होतं की मला बाहेर अक्षर न् अक्षर ऐकू आलं.

"आई जगदंबे, मी तासगावची. तुला माझी भाषा येत नसेल, पण तू पण बाई आहेस. माझा दिगू तिकडे आजारी आहे. सांगलीला. तो आजारी आहे, एवढंच मला माहीत आहे. दुसरं काही मला माहीत नाही. त्याला बरा कर. उठून बसव त्याला. भाकरी मागू दे. त्याला घेऊन मी तुझ्याकडे येते, हे बोलले."

पसरलेला पदर तसाच धरून त्या उभ्या राहिल्या. झाडांतून वारं आलं, अंगणात झाडलेल्या जागी पुन्हा पानं पडली. मी तोंडावर हात दाबून धरला होता, कारण माझा आवाज आत गेला असता तर तोच निरोप झाला असता.

मग त्यांनी पदर आवरला, वाकून पायरीला डोकं टेकवलं आणि परत निघाल्या. सावकाश. कमानीपाशी आल्यावर एकदा मागे वळून बघितलं. मग एक पाऊल बाहेर टाकलं, दुसरं टाकलं. चपला घातल्या. पट्टा लागेना, तर मी वाकले आणि लावून दिला.

सगळ्यात वरच्या पायरीवर त्या बसल्या. खाली ढग, ती झाडं, ते बर्फाचं शिखर, सगळं जिथल्या तिथे होतं. शेजारच्या दगडावर हात थोपटून त्यांनी मला बसवलं आणि माझा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हं," त्या म्हणाल्या. "आता बोल."